तिसऱ्या महिन्याची नोंद

मणक्याला मार लागून दोन्ही पाय गेलेल्या माणसाच्या कागदांत पहिल्या आठवड्याचं बहुतेक सगळं सापडतं. कुठून पडला, किती वाजता आणलं, कोणता मणका मोडला, एमआरआयमध्ये काय दिसलं, ऑपरेशन झालं की नाही. डिस्चार्ज कार्डावर शेवटी 'फिजिओथेरपी चालू ठेवणे, पंधरा दिवसांनी दाखवणे' एवढी ओळ येते आणि तिथे नोंद संपते. शरीरात मात्र पुढचं सुरू झालेलं असतं. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात मांडी सुजते, खुब्याजवळ हात लावला तर गरम लागतं, बारीक ताप येतो, आणि परवापर्यंत पोटाकडे सहज दुमडणारा पाय अर्ध्यावर अडायला लागतो. जिथे हाडाचं काही काम नाही अशा स्नायूंच्या जागेत हाड धरायला लागलेलं असतं. पुढची पानं या हाडाबद्दल आहेत, आणि त्याहून जास्त त्याच्या नोंदीबद्दल.

लकवा किंवा मज्जारज्जूची इजा झाल्यावर स्नायूंत कॅल्शिअम साठणं आणि हाड बनणं ही दुर्मीळ गोष्ट नाही. मज्जारज्जूच्या इजेनंतर ती किती जणांना होते याचे आकडे साधारण दहातल्या एकापासून थेट निम्म्यापर्यंत जातात. एवढा फरक पडण्याचं एक मोठं कारण म्हणजे कोणी किती बारकाईनं शोधलं आणि कोणी लिहून ठेवलं. सगळ्यात जास्त वेळा खुब्याभोवती, मग गुडघ्याजवळ, आणि मान मोडून चारही हातपाय गेले असतील तर कोपरात आणि खांद्यातही हाड धरतं. ते इजेच्या पातळीच्या खालीच धरतं. सांध्याच्या आत ते नसतं, सांध्याभोवतीच्या मऊ भागात असतं, आणि वाढत गेलं तर दोन हाडांमध्ये पूल बांधून सांधा जखडून टाकतं. सगळ्यांचं तिथपर्यंत जात नाही. ज्यांचं जातं त्यांना खुर्चीत सरळ बसता येत नाही. खुबा नव्वद अंशांपर्यंत वाकला नाही की माणूस व्हीलचेअरवर तिरका बसतो, घसरतो, भार एकाच कुल्ल्यावर येतो आणि तिथे बेडसोअर होतो. पाय गेले ते पडल्याच्या दिवशी. बसणं जातं ते या तिसऱ्या महिन्यात.

ओळखायला ते अवघड असतं, कारण संवेदना गेलेली असल्यानं पुष्कळदा रोग्याला दुखतच नाही. सूज पाहून शिरेत गुठळी झाली असावी असं वाटतं, ताप पाहून लघवीच्या नळीचा संसर्ग वाटतो, लाली पाहून सेल्युलायटिस वाटतो. यातलं प्रत्येक खरंही असू शकतं, म्हणून तपासावं लागतंच. पहिल्या काही आठवड्यांत एक्स-रे साफ येतो. रक्तातलं अल्कलाइन फॉस्फटेज वाढतं, पण ते मोडलेला मणका भरून येत असतानाही वाढतं. बोन स्कॅनमध्ये लवकर दिसतं, पण ती सोय तालुक्याच्या गावी नसते. म्हणजे जिल्ह्याच्या पातळीवर खरा आधार दोनच गोष्टींचा: दर वेळी सांध्याचा कोन मोजून लिहिणं, आणि पहिला एक्स-रे साफ आला तरी तीन-चार आठवड्यांनी दुसरा काढायला सांगणं. 'एक्स-रे नॉर्मल' या दोन शब्दांनी कितीतरी केस पेपर बंद होतात. त्यांच्यापुढे 'पुन्हा काढणे, अमुक तारीख' एवढं लिहिलं असतं तर निदान सहा-सात महिने आधी झालं असतं.

या आजाराची ओळखच मुळात नोंदीतून झाली. पहिल्या महायुद्धात मज्जारज्जूला गोळ्या लागून पाय गेलेल्या सैनिकांना तपासून ऑगस्टा देजेरीन-क्लुम्पके आणि त्यांचे सहकारी सेलिए यांनी १९१८ मध्ये फ्रान्समध्ये याचं सविस्तर वर्णन केलं. प्रत्येकाला तपासून लिहिलेलं टिपण आणि एक्स-रे शेजारी शेजारी ठेवून त्यांनी ते केलं होतं. ऑगस्टाबाई जन्मानं अमेरिकन, सॅन फ्रान्सिस्कोच्या; पॅरिसच्या इस्पितळांत बायकांना इंटर्न म्हणून घेत नसत त्या काळात त्यांनी ती जागा मिळवली होती. शंभर वर्षांपूर्वी त्यांनी जे नोंदलं, खुबा आणि गुडघा जास्त, इजेच्या पातळीखाली, सांध्याच्या बाहेर, ते आजही तसंच शिकवलं जातं.

महाराष्ट्रात अशा रोग्यांच्या पुनर्वसनाची जुनी नावं मुंबई-पुण्याकडची. हाजीअलीची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था १९५५ची, आणि जायबंदी जवानांसाठीचं खडकीचं पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर १९७४चं. हिंगोलीच्या माणसाला ही दोन्ही लांब. परभणीतून १ मे १९९९ रोजी वेगळा झालेला हा जिल्हा पाच तालुक्यांचा: हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ आणि वसमत. २०११च्या जनगणनेत लोकसंख्या ११,७७,३४५. इथे मणका मोडतो तो विहिरीत पडून, चिंचेच्या किंवा आंब्याच्या झाडावरून पडून, ट्रॅक्टरच्या मुंडक्यावरून फेकलं जाऊन, आणि अलीकडे मोटारसायकलवरून. गंभीर रोगी वर्षानुवर्षं नांदेडला, विष्णुपुरीच्या शासकीय रुग्णालयात, किंवा खासगीत जात आले. तिथून छत्रपती संभाजीनगर, कोणी हैदराबाद. म्हणजे एकाच माणसाचे कागद तीन गावांत तयार होतात आणि एकत्र येतात ते फक्त घरच्यांच्या हातातल्या कॅरीबॅगेत. त्यात एक्स-रेची मोठी पाकिटं, घडी पडून फाटत आलेलं डिस्चार्ज कार्ड, मेडिकलची बिलं, आधारची झेरॉक्स आणि रेशनकार्ड. ती पिशवी म्हणजे त्या माणसाची सगळी फाइल. त्यात तिसऱ्या महिन्याचा कागद सापडणं कठीण, कारण तो महिना घरी गेलेला असतो.

९ ऑक्टोबर २०२४ रोजी राज्यातल्या दहा नव्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचं उद्घाटन झालं, त्यात हिंगोलीचं एक आहे. तिथली पहिली तुकडी २०२९च्या सुमारास इंटर्न म्हणून वॉर्डात उतरेल. केस पेपर प्रत्यक्षात लिहितो तो इंटर्नच. त्याला लिहायची सवय कशी लागते यावर पुढच्या वीस वर्षांच्या रेकॉर्ड रूमचा कस ठरतो, आणि नव्या ठिकाणी ती सवय पहिल्यापासून लावता येते. ही पानं आत्ता लिहावीशी वाटली ती त्यामुळे.

आता कोडिंगकडे. जागतिक आरोग्य संघटनेचं रोगांचं वर्गीकरण, त्याची दहावी आवृत्ती म्हणजे आयसीडी-१०, मे १९९० मध्ये मंजूर झालं आणि १९९३ पासून लागू झालं. त्यात स्नायूंत कॅल्शिअम साठणं आणि हाड बनणं यांचा गट एम ६१. त्याच्या आत कारणाप्रमाणे खोल्या आहेत: एम ६१.० मार लागून झालेलं, एम ६१.१ जन्मजात आणि वाढत जाणारं, एम ६१.२ लकव्यानंतरचं, एम ६१.३ भाजल्यानंतरचं, एम ६१.४ आणि ६१.५ इतर, आणि एम ६१.९ म्हणजे काहीच सांगितलेलं नाही. एक्स-रे या सगळ्यांत जवळपास सारखाच दिसू शकतो. खोली ठरते कारणावरून, आणि कारण फिल्मवर उमटत नाही. ते उपचार करणाऱ्या डॉक्टरनं लिहावं लागतं. 'खुब्याजवळ स्नायूत हाड दिसते' एवढंच लिहिलं तर कोडर प्रामाणिकपणे ६१.५ किंवा ६१.९ वर जाईल. 'मज्जारज्जूच्या इजेमुळे आलेल्या पॅराप्लेजियाशी संबंधित' हे शब्द असले तरच ६१.२. कोडरनं फाइलमधल्या दुसऱ्या पानावर पॅराप्लेजिया वाचून आपणच दोन्ही जोडायचं नसतं. शंका असेल तर डॉक्टरला लेखी विचारायचं. हा नियम जाचक वाटतो, पण तो मोडला की निदान रेकॉर्ड रूममध्ये होऊ लागतं, आणि ते रोग्याच्या जिवावर येऊ शकतं.

नमुना म्हणून बेतलेलं एक प्रकरण बघू. सेनगाव तालुक्यातला चौतीस वर्षांचा शेतकरी. विहिरीतली मोटार वर काढताना दोर सुटला आणि तो आत पडला. छातीच्या दहाव्या मणक्याचा भंग, कमरेखाली दोन्ही पाय लुळे. पहिल्या भरतीचे कोड सरळ आहेत: मज्जारज्जूच्या इजेसाठी एस २४.१, मणक्याच्या भंगासाठी एस २२.०, आणि पडण्याच्या कारणासाठी डब्ल्यू १७.७. डब्ल्यू १७ मध्ये विहिरीत पडणं नावानिशी दिलेलं आहे, आणि शेवटचा ७ सांगतो की जागा शेत होती. 'पडून इजा' एवढंच लिहिलं असतं तर हे सगळं गेलं असतं, आणि जिल्ह्यात दरवर्षी किती माणसं विहिरीत पडून अपंग होतात हे कुणालाच काढता आलं नसतं. झाडावरून पडलेल्यासाठी डब्ल्यू १४ आहे. शेतीच्या वाहनावर, म्हणजे ट्रॅक्टरवर बसलेला असताना वाहतूक अपघात झाला असेल तर व्ही ८४.

दहा आठवड्यांनी तो पुन्हा येतो. चांगली नोंद अशी असेल: 'उजवी मांडी तीन आठवड्यांपासून सुजलेली. उजवा खुबा वाकवणे ० ते ५५ अंश, शेवटी कडक अडणे. डावा ० ते ११०. डॉपलरमध्ये गुठळी नाही. एक्स-रेमध्ये उजव्या खुब्याच्या पुढच्या बाजूस स्नायूत हाड. निदान: मज्जारज्जूच्या इजेचा परिणाम म्हणून, पॅराप्लेजियाशी संबंधित, उजव्या खुब्याभोवती स्नायूत हाड बनणे. सुरुवात अंदाजे अमुक तारखेस.' लिहायला दोन मिनिटं लागतात. त्यातून कोडरला एम ६१.२५ मिळतो. शिवाय लुळेपणा ढिला की ताठर त्याप्रमाणे जी ८२.० किंवा ८२.१. डॉक्टरनं 'परिणाम' हा शब्द लिहिला म्हणून टी ९१.३, आणि अपघाताचा परिणाम म्हणून वाय ८६. तो शब्द नसता तर टी ९१.३ साठी इजेला वर्ष होण्याची वाट पाहावी लागली असती.

६१.२ नंतरचा शेवटचा आकडा जागेचा. इथे नवशिके हमखास अडखळतात. ५ म्हणजे ओटीपोट आणि मांडी. खुबा यातच येतो. गुडघा मांडीत जात नाही, ६ मध्ये, खालच्या पायाबरोबर जातो. कोपर २ मध्ये, दंडाबरोबर. मनगट ३ मध्ये, हाताच्या पुढच्या भागाबरोबर. उजवं-डावं सांगायला या आवृत्तीत आकडाच नाही, म्हणून बाजू शब्दांतच लिहिलेली हवी. कोडमध्ये आपोआप येईल असं समजून डॉक्टरनं बाजू सोडली तर ती कुठेच राहत नाही.

याच ठिकाणी एक सापळा आहे, आणि तो आपल्याकडच्या मुलांसाठी खास महत्त्वाचा आहे. नांदेड-हिंगोलीकडची बीएस्सी, बी.फार्म. झालेली कितीतरी मुलं-मुली कोडिंगचा कोर्स करून हैदराबाद, पुणे, चेन्नईला अमेरिकन रुग्णालयांचं कोडिंग करतात. अमेरिकेनं १ ऑक्टोबर २०१५ पासून आयसीडी-१०ची स्वतःची विस्तारलेली आवृत्ती वापरायला सुरुवात केली. तिथे सहावा आकडा बाजूसाठी आहे: एम ६१.२५१ म्हणजे उजवी मांडी, ६१.२५२ म्हणजे डावी. पण जागतिक आवृत्तीत ६१.२० म्हणजे 'अनेक जागी' आणि ६१.२९ म्हणजे 'जागा सांगितलेली नाही'. अमेरिकन आवृत्तीत हेच दोन बरोबर उलटे, ६१.२० म्हणजे जागा सांगितलेली नाही आणि ६१.२९ म्हणजे अनेक जागी. तिकडे पाच वर्षं काम करून परत आलेली मुलगी जिल्हा रुग्णालयाच्या रेकॉर्डला बसली आणि सवयीनं ६१.२९ टाकत राहिली, तर चारही सांधे जखडलेला माणूस 'जागा माहीत नाही' या रकान्यात जाऊन बसेल. चूक कुणाच्या लक्षातही येणार नाही, कारण दोन्ही कोड वैध आहेत. कोणतं पुस्तक समोर आहे हे पहिल्या पानावर लिहून ठेवायचं, असं मी शिकवताना पुन्हा पुन्हा सांगतो.

ही मुलं अमेरिकेतल्या अनोळखी माणसाचा उजवा खुबा सहाव्या आकड्यापर्यंत पोचवतात. तेवढी काळजी सेनगावच्या शेतकऱ्याच्या वाट्याला यायला हवी, असं मला मनापासून वाटतं. कौशल्य आपल्याकडे आहे. तिकडे त्या आकड्यावर पैसे मिळतात म्हणून तो कोणी सोडत नाही. इकडे त्यावर काय अवलंबून आहे हे फारसं कुणी सांगितलेलं नाही.

तर अवलंबून काय आहे? महात्मा फुले जनआरोग्य योजना, जी २०१२ मध्ये राजीव गांधींच्या नावानं आठ जिल्ह्यांत सुरू झाली आणि ज्यात शेजारचं नांदेड पहिल्यापासून होतं, तिचा दावा कागदांवर उभा राहतो: निदान, फिल्म, तारखा, उपचाराचं कारण. हे वाढलेलं हाड काढायची शस्त्रक्रिया परंपरेनं ते पक्व होईपर्यंत थांबवतात, साधारण बारा ते अठरा महिने. ते महिने मोजायचे कुठून? सुरुवातीची तारीख लिहिली नसेल तर सर्जनला रोग्याच्या बायकोला विचारावं लागतं, आणि ती पोळ्यानंतर की दसऱ्याच्या आधी असं आठवत बसते. अपंगत्वाच्या प्रमाणपत्रातही सांध्याच्या हालचालीची मोजणी धरली जाते. दोन्ही पाय पूर्ण गेलेल्या माणसाची टक्केवारी आधीच एवढी असते की खुब्यानं फार फरक पडत नाही. पण इजा अर्धवट असेल, माणूस आधारानं उभा राहू लागला असेल आणि मग कोपर किंवा खुबा जखडला, तर ते मोजमाप चाळीस टक्क्यांच्या अलीकडे-पलीकडे करू शकतं. २०१६च्या कायद्यानं बहुतेक सवलती त्या चाळीस टक्क्यांवर बांधल्या आहेत.

रोग्याच्या घरच्यांनाही यातलं एक माहीत असायला हवं. वैद्यकीय परिषदेच्या २००२च्या नियमांप्रमाणे भरती रोग्याचे कागद उपचार सुरू झाल्यापासून किमान तीन वर्षं ठेवावे लागतात, आणि रोग्यानं किंवा त्याच्या अधिकृत माणसानं मागितले तर बहात्तर तासांत द्यावे लागतात. बिचकत न राहता मागावेत.

'कॅल्शिअम साठलंय' हे शब्द कानावर पडले की घरात दूध बंद होतं. हे फार वेळा घडतं आणि त्यानं नुकसानच होतं. खाण्यातल्या कॅल्शिअमनं हे हाड बनत नाही. आधीच अशक्त झालेल्या माणसाचं दूध तोडलं तर त्याची स्वतःची हाडं आणखी ठिसूळ होतात. दुसरं, पाय मोकळा व्हावा म्हणून कोणीतरी जोर लावून वाकवतं, किंवा हाडवैद्याकडून कडक मालीश होतं. सांधा हलता ठेवायचा तो हळुवार, अडेल तिथे थांबून. जोरानं ताणलं की स्नायू फाटतो आणि हाड वाढायला आणखी निमित्त मिळतं. कोपराच्या साध्या भंगानंतर मालीश करून हात कायमचा वाकडा झालेली मुलं मराठवाड्यातल्या प्रत्येक अस्थिरोग ओपीडीनं पाहिली आहेत. त्यांचा कोड ६१.०, मार लागून झालेला. लुळ्या पायाला मालीश झालं असेल तर तेही तारखेसह लिहावं. रागावून लिहू नये. घरच्यांनी ते मायेनं केलेलं असतं, आणि रागावलं की पुढच्या वेळी ते सांगत नाहीत.

एक अडचण पुढच्या पानांतही पूर्ण सुटलेली नाही. एम ६१.२ च्या नावात 'लकव्यानंतरचं' असं मोघम आहे, पण त्याखाली उदाहरण दिलंय ते दोन्ही पाय किंवा चारही हातपाय गेलेल्यांचं. मग मेंदूतल्या रक्तस्रावानं उजवी बाजू गेलेल्या बाईच्या कोपरात हाड धरलं तर? माझं मत असं की डॉक्टरनं अर्धांगाशी संबंध स्पष्ट लिहिला असेल तर तिला ६१.२ मध्येच घ्यावं, आणि बरोबर जी ८१ आणि आय ६९ द्यावेत. याला विरोध करणारे जाणकार कोडर आहेत. त्यांची बाजूही मांडली आहे. रुग्णालयानं एक पद्धत ठरवून ती लिहून ठेवावी, म्हणजे निदान एका इमारतीत दोन हिशेब होणार नाहीत.

पुढच्या प्रकरणांत केस पेपरचे नमुने आहेत, कोन मोजायच्या साधनाची चित्रं आहेत, फिजिओथेरपिस्टनं भरायचा मराठी तक्ता आहे. तो मुद्दाम एका पानाचा ठेवला आहे, म्हणजे कॅरीबॅगेत मावेल, आणि गावातल्या आशाताईंना तो वाचून कोन कमी झाला की वाढला एवढं कळेल.

आयसीडी-११ जानेवारी २०२२ पासून जागतिक पातळीवर लागू झालं आहे. त्यात मूळ कोडला जोड देता येते: उजव्या बाजूसाठी एक्सके९के, डाव्यासाठी एक्सके८जी. आपल्याकडे ते रुग्णालयांत पूर्णपणे रुळेल तेव्हा जुन्या फाइली नव्या कोडमध्ये न्याव्या लागतील. ज्या फाइलीत 'उजवा खुबा, ५५ अंश, अमुक तारीख' असं लिहिलेलं आहे ती जाईल. जिथे नुसतं 'पॅराप्लेजिया, फॉलोअप' आहे तिथे रोग्याला पुन्हा बोलवावं लागेल, आणि तोपर्यंत तो सापडेलच असं नाही.